खिंड अडवायची तर घरं कसली? लढाईच्या नकाशासाठी ग्रिड निवडतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरातला सहा जणांचा गट. एक डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रूंची बाजू सांभाळणारी सूत्रधार, आणि पाच खेळाडू. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचा, नियम २०१४ चे. डीएम वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढते, खेळाडूंपैकी दोघे शिरोलीच्या एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहेत, बाकीचे शिकणारे. ओळख पटू नये म्हणून माणसांचे तपशील थोडे बदलले आहेत. खेळाचे नियम आणि मोजमापं मात्र आहेत तशीच ठेवली आहेत.

कथेचा मुलूख काल्पनिक, पण जमीन इथलीच. पहिला भाग एका गडावर झाला. पन्हाळा पाहिलेल्याला तीन दरवाजा, अंबरखान्याच्या कोठ्या आणि अंधारबाव लगेच ओळखू येतील, असा तो गड होता. दुसऱ्या भागात पात्रं गडावरून निसटतात आणि झाडी, ओढे, घाटवाटा तुडवत दुसऱ्या गडाकडे निघतात. मधे एक खिंड. जुलै १६६० मध्ये बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड कशी लढवली हे कोल्हापुरात कोणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे डीएमने न सांगताच खेळाडूंनी ठरवलं होतं: तिघे खिंडीच्या तोंडाशी उभे राहतील, उरलेले दोघे जखमी सरदाराला घेऊन पुढे जातील.

साहित्य साधं होतं. चार बाय तीन फुटांचा फ्लेक्स, त्यावर छापलेली एक इंचाची चौकोनी घरं (हाच ग्रिड), एक घर म्हणजे पाच फूट. माणसांच्या जागी २५ मिमीच्या गोल बैठकीवर चिकटवलेली कागदी चित्रं. गडावरच्या सगळ्या लढाया या फ्लेक्सवर बिनतक्रार पार पडल्या. भिंती काटकोनात, दरवाजे एक-दोन घरांचे, जिने सरळ. अशा जागी चौकोनी ग्रिडला तोड नाही.

अडचण

खिंड ६० फूट लांब आणि १५ फूट रुंद ठरवली होती, म्हणजे १२ घरं बाय ३ घरं. पण अलीकडची झाडी आणि पलीकडची सोंडही नकाशात हवी होती. फ्लेक्सची जास्तीत जास्त लांबी वापरायची म्हणून डीएमने सगळी वाट एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, ४५ अंशांत काढली. सगळा गोंधळ तिथून सुरू झाला, मात्र हे कोणाच्या लक्षात यायला वेळ लागला.

आधी वाद झाला तो अंतराचा. २०१४ च्या ग्रिडच्या नियमात तिरकं घरही पाच फुटांचंच धरतात. बुद्धिबळातला राजा चालतो तसंच हे गणित: आडवा, उभा, तिरका, कुठेही एक चाल. प्रत्यक्षात तिरक्या घराचं अंतर सात फुटांच्या आसपास भरतं. त्यामुळे एका पाळीत ३० फूट चालणारा गॉब्लिन (बुटका राक्षसी शत्रू) खिंडीतून तिरका धावला की ४२ फूट कापतो, आणि १२ घरांची खिंड ९ पावलांत संपते. एक खेळाडू चिडून म्हणाला, ‘‘ताई, माझा माणूस झाडीतून सरळ पळतो तर तीस फूट, आणि हे बारकं पोर तिरकं पळतंय म्हणून बेचाळीस? कुठला न्याय हा?’’

दुसरी अडचण खरी मोठी होती. तीन घरं रुंदीची खिंड ४५ अंशांत वळवली की तिची आडवी रुंदी तिरक्या घरांत मोजावी लागते, आणि १५ फुटांत तिरकी घरं बसतात दोन, फार तर सव्वादोन. म्हणजे खिंडीच्या आडव्या रेषेवर दोघंच उभे राहतात, एकमेकांना फक्त कोपऱ्याने टेकलेले. त्या दोघांच्या मधून तिरकं जायला नियमाची आडकाठी नाही. भिंतीचा किंवा मोठ्या झाडाचा कोपरा कापून तिरकं जाता येत नाही, असं नियम सांगतो. उभी माणसं त्यात येत नाहीत. बरं, गॉब्लिनला पाळीतल्या जादा कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये डिसएंगेज, म्हणजे वार न खाता निसटणं, करता येतं, त्यामुळे पार होताना त्याच्यावर वारही पडत नाही. फट बुजवायला तिसरा माणूस पायरीसारखा अडकवून उभा करावा लागतो, आणि काठाची घरं भिंतीने अर्धी कापलेली असल्यामुळे तो कुठे उभा राहू शकतो यावर पुन्हा वाद.

पहिल्याच फेरीत गॉब्लिन पार झाले आणि सरदाराच्या मागे लागले. ज्यासाठी सगळा प्रसंग रचला तेच घडेना.

भरीला फ्लेक्सचं स्वतःचं एक दुखणं होतं. छपाईला दिलेली फाइल ए-४ च्या प्रमाणात (१.४१ ला १) होती, फ्लेक्स चार बाय तीन (१.३३ ला १). दुकानात ती ताणून बसवली गेली आणि घरं उभीला २५.४ मिमी, आडवीला २४ मिमी झाली. २५ मिमीची बैठक आडव्या रांगेत मावेना. पाच माणसं ओळीने ठेवली की शेवटचा कुठल्या घरात आहे ते सांगता येईना.

पहिला निर्णय: तिरक्याची किंमत वाढवणं

वाद अंतरावरून पेटला होता, म्हणून उपायही अंतराचाच निघाला. पहिलं तिरकं घर ५ फूट, दुसरं १०, तिसरं ५, चौथं १०, अशी आळीपाळीने मोजणी. हा पर्याय त्याच आवृत्तीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात ऐच्छिक नियम म्हणून दिलेला आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या ३.५ नियमांत आणि पाथफाइंडर या तशाच खेळात तर तोच मुख्य नियम आहे.

आकड्यांत तो चोख बसला. खिंडीतल्या ९ तिरक्या पावलांना आता १३ घरांची, म्हणजे ६५ फुटांची चाल लागू लागली. खरं अंतर ६० फूट. तक्रार मिटायला हवी होती.

दोन रविवार या मोजणीने खेळून झाल्यावरही खिंड अडेना. साहजिक होतं. पावलाची किंमत वाढली, पण दोन माणसांच्या मधली फट तशीच राहिली. शिवाय एकाच पाळीत कोणी दोनदा थांबून चालला की ‘माझं मागचं तिरकं पाचाचं होतं की दहाचं’ हा हिशोब नव्याने मांडावा लागे. ज्या गोष्टीवर टेबलाशी आवाज चढतो तीच मूळ अडचण असते, असं धरून चालण्यात या गटाचे हे दोन रविवार गेले.

मग कोणते पर्याय तोलले

सर्वांत स्वस्त पर्याय एका ओळीचा होता: कोपऱ्याने टेकलेल्या दोन शत्रूंच्या मधून तिरकं जाता येणार नाही. छपाई नको, खर्च नको. आमच्या मते बहुतेक गटांनी आधी हाच करून पाहावा. या गटात तो मागे पडला, कारण काठावरच्या कापलेल्या घरांचा वाद त्याने सुटत नव्हता आणि उघड्यावरच्या लढाईत एका पात्राभोवती आठ जण जमतात ही वेगळी कुरबूर होती.

दुसरा, नकाशा फिरवणं. खिंड कागदाच्या कडेला समांतर काढली की तीन घरांत तिघे बसतात, फट राहत नाही. पण वाट तीनदा वळत होती. एक तुकडा सरळ केला की दुसरा तिरका होणार.

तिसरा, ग्रिडच नको. फूटपट्टी किंवा दोरा, एक इंचाला पाच फूट. पाचव्या आवृत्तीत ग्रिड मुळात ऐच्छिक आहे, तेव्हा नियम मोडत नाही. ‘बैठकीपेक्षा अरुंद फटीतून जाता येत नाही’ एवढं ठरवलं की खिंड हवी त्या कोनात काढा, नीट अडते. भूमितीच्या दृष्टीने यापेक्षा खरं काही नाही. पण सहा जण एका टेबलाभोवती दाटीने बसतात, कोणाची तरी बाही लागते, मिनी (बैठकीवरचं चित्र) दोन बोटं सरकते, आणि ती कुठे होती याचा पुरावा उरत नाही.

चौथा, विटांच्या भिंतीसारखी रचना: चौकोनी घरं, पण प्रत्येक रांग अर्ध्या घराने सरकवलेली. प्रत्येक घराला सहाच शेजारी, म्हणजे वागणूक षटकोनाची, आणि काढायला नुसती पट्टी पुरते. बाजूच्या घराचं अंतर १ इंच, वरच्या-खालच्या रांगेतल्याचं १.१२ इंच. उपेक्षित पण फार उपयोगी रचना. इथे ती नाकारली गेली ती केवळ दिसण्यावरून: जंगलाच्या नकाशावर विटा नको, असं तिघांचं मत पडलं.

पाचवा, षटकोनी घरं, म्हणजे हेक्स. युद्धखेळांत १९६१ पासून रुळलेली. गर्प्ससारख्या खेळात तर एक गज रुंदीचं षटकोनी घर हेच मूळ माप आहे. सहा शेजारी, सहाही सारख्याच अंतरावर, आणि कोपऱ्याने टेकलेलं घर हा प्रकारच नाही. शेजारीशेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या मधे फट राहूच शकत नाही.

लढाईचं अंतर ‘जवळ, मध्यम, लांब’ असं तोंडी सांगून ग्रिड टाळायचा विचारही आला होता, पण जागा अडवण्याचा प्रसंग तोंडी खेळण्यात मजा नाही म्हणून तो तिथेच संपला.

चाचणी

छापण्याआधी डीएमने एक संध्याकाळ फक्त चालींसाठी ठेवली. फासे नाहीत, वार नाहीत. तीच खिंड, तेच तीन रक्षक, तेच आठ गॉब्लिन, तीन फेऱ्या. आधी चौकोनावर, मग दोऱ्याने, मग ए-४ कागद जोडून केलेल्या हेक्सवर.

अंतराच्या अचूकतेत हेक्स काही अव्वल ठरलं नाही. शेजारच्या स्तंभांच्या मध्यातलं अंतर २२ मिमी, त्यामुळे स्तंभ ओलांडत आडवं जाताना ६० फुटांना १४ घरं लागतात, आणि ३० फुटांच्या चालीत प्रत्यक्ष २६ फूटच कापले जातात. खरी १२ घरं. साध्या तिरक्या मोजणीत ९, आळीपाळीच्या मोजणीत १३, हेक्सवर १४. म्हणजे नुसत्या अंतरावर निर्णय करायचा तर आळीपाळीची मोजणीच जिंकत होती.

फरक पडला तो अडवण्यात. हेक्सवर तिघांची रांग बंद झाली, एकही गॉब्लिन पार झाला नाही. दुसरा फरक समोरच्या गर्दीचा. चौकोनावर सरळ काढलेल्या खिंडीतही मधल्या रक्षकाला समोरून तिघे भिडतात: एक सरळ, दोन तिरके. हेक्सवर दोघेच. उघड्यावर एका पात्राला आठाऐवजी सहा जण घेरू शकतात. कमी हिटपॉइंटच्या, म्हणजे थोडाच मार सोसणाऱ्या पात्रांना हा फरक जीवनमरणाचा असतो, आणि डीएमलाही शत्रूंची संख्या ठरवताना तो धरावाच लागतो. चौकोनासाठी बेतलेली लढाई हेक्सवर सोपी पडते.

निर्णय आणि कृती

गडातल्या, वाड्यातल्या, भुयारातल्या लढायांना चौकोन. झाडी, माळ, ओढा, खिंड यांना हेक्स. दोन्ही ग्रिड नव्याने छापायची ठरली, यावेळी फ्लेक्सवर नाही. डीएमने कॅडमध्ये रेषा काढून १:१ मापाची पीडीएफ केली आणि इमारतींचे प्लॅन छापणाऱ्या दुकानात ए-१ कागदावर प्लॉटरने काढून घेतली.

हेक्सची मापं अशी: समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर २५.४ मिमी, एक बाजू १४.६६ मिमी, टोक ते टोक २९.३३ मिमी, स्तंभांतलं अंतर २२ मिमी. ए-१ वर चारही बाजूंनी १० मिमी समास सोडून ३६ स्तंभ आणि प्रत्येकात २२ घरं बसली, एकूण ७९२. चौकोनी घरं त्याच कागदावर ३२ बाय २२, म्हणजे ७०४. रेष ०.२५ मिमी जाडीची, फिकट राखाडी. गडद काळी रेष घेतली तर वर मार्करने काढलेला नकाशा वाचता येत नाही. प्रत्येक घरात वरच्या कडेला बारीक आकडा: स्तंभ आणि ओळ. खेळ अर्ध्यावर थांबला की मिनींच्या जागा वहीत उतरवायला तो लागतो.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद हवा. दुकानातून निघण्याआधी दहा घरं पट्टीने मोजायची: २५४ मिमी भरली पाहिजेत, आणि आडवी-उभी दोन्हीकडे मोजायची. हेक्सवर उभी दहा घरं २५४, आडवे दहा स्तंभ २२०. आधीच्या फ्लेक्सच्या वेळी हे एक मिनिटाचं काम झालं असतं तर छपाई तिथेच परत करता आली असती.

कागदावर टेबलावर अंथरतात ती १ मिमी जाडीची पारदर्शक पीव्हीसी शीट. खाली हवा तो ग्रिड सरकवायचा, वर व्हाइटबोर्ड मार्करने नकाशा काढायचा. शाई त्याच दिवशी पुसायची. लाल सर्वांत चिवट, आठवडाभर राहिली तर स्पिरिट लावूनही गुलाबी डाग उरतो. ट्यूबलाइट थेट डोक्यावर असेल तर शीट चकाकते, टेबल हातभर बाजूला घेतलं की भागतं. पावसाळ्यात कागद ओल धरून लाटा मारतो, म्हणून दोन्ही ग्रिड नळकांड्यात गुंडाळून ठेवले जातात.

टोकनांसाठी हार्डवेअरच्या दुकानातले एम-१२ चे साधे वॉशर घेतले: बाहेरचा व्यास २४ मिमी, वजनदार, घरात नीट बसतात. कॅरमच्या सोंगट्या वापरायची सूचना आली होती, पण त्यांचा व्यास ३० मिमीच्या वर असतो. एक इंचाच्या घरात शेजारीशेजारी मावत नाहीत. मोठ्या प्राण्यांसाठी हेक्सवर वेगळी बेरीज लागते. लार्ज (मोठा) प्राणी म्हणजे तीन घरं, ५० मिमीची बैठक तीन घरांच्या सामाईक टोकावर ठेवायची. ह्यूज (त्याहून मोठा) म्हणजे सात घरं, ७६ मिमीची बैठक मधल्या घरावर.

काठावरच्या अर्ध्या घरांचा वाद असा सोडवला. आडव्या खिंडीत एका स्तंभात तीन पूर्ण घरं येतात, पुढच्यात दोन पूर्ण आणि दोन्ही काठांना दोन अर्धी. अर्धी सगळी बंद ठेवली तर दोघंच खिंड अडवतात, सगळी उघडी ठेवली तर त्या स्तंभात चौघे लागतात. डीएमने एका काठाची अर्धी घरं उघडी आणि दुसऱ्या काठाची बंद ठेवली. प्रत्येक स्तंभात बरोबर तीनच जागा झाल्या. जिथे उभं राहता येतं त्या प्रत्येक घरात खेळ सुरू होण्याआधीच एक ठिपका. ठिपका नाही तर भिंत. टेबलाशी चर्चेचा प्रश्नच नाही.

फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राचंही असंच एकदा ठरवून टाकलं. नियम घरांच्या छेदबिंदूपासून मोजायला सांगतो. हेक्सवर २० फूट त्रिज्येत अशी ४८ घरं येतात. मध्यघरापासून मोजलं तर ६१. हेक्सचं घर चौकोनाच्या ०.८७ पट असल्याने ४८ घरं म्हणजे साधारण ४१.६ चौकोन आणि ६१ म्हणजे ५२.८. खऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ५०.३ भरतं, म्हणून गटाने नियम बाजूला ठेवून मध्यघर घेतलं. तारेचं कडं करून वर ठेवलं की मोजणीही नको.

काय झालं

खिंड अडली. तिघांनी तोंड धरलं, सरदार पुढे निसटला, आणि गॉब्लिनांच्या बाजूने डीएमला पहिल्यांदाच डोकं चालवावं लागलं: धनुर्धारी मागे ठेवणं, कड्यावर चढून वरून दगड टाकणं. चढावर प्रत्येक घराला दुप्पट चाल लागत होती, त्यामुळे त्यातही वेळ गेला. लढाई रंगली ती या कारणाने, हेक्स दिसायला छान म्हणून नाही.

कुरबुरी संपल्या असं नाही. स्तंभ ओलांडत आडवं धावणाऱ्याला तीसाऐवजी सव्वीस फूट मिळतात हे भिक्षूचं पात्र खेळणाऱ्याने लवकरच हेरलं. तोटा चौकोनावरच्या फुकटच्या १२ फुटांहून बराच लहान असल्याने तसाच सोडला. विजेचा लोळ हा मंत्र १०० फूट सरळ टाकायचा तर आडव्या दिशेला घरं नागमोडी जातात. तिथे दोरा ताणून ज्या घरांतून तो जातो ती धरतात. एक खेळाडू पुण्याला गेला आणि ऑनलाइन नकाशावरून खेळू लागला, तेव्हा पहिल्या रविवारी सगळी घरं अर्ध्याने सरकलेली निघाली. तिथे हेक्स निवडताना सम स्तंभ खाली सरकलेले की विषम, असं विचारतात; कागदावर विषम होते, संगणकावर सम निवडले गेले होते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बिनसलेल्या लढाईनंतर फासे न टाकता चालींची चाचणी तेव्हाच घेतली असती तर फट त्याच दिवशी दिसली असती आणि आळीपाळीच्या मोजणीचा फेरा टळला असता. मोजणी वाईट नाही. या गटाने ती चौकोनी नकाशांसाठी आजही ठेवली आहे, आणि जोडीला ‘दोन शत्रूंच्या मधून तिरकं नाही’ हा एका ओळीचा नियमही. खरं तर तो नियम आधी लावून खिंडीचा लढाईचा तुकडा तेवढा सरळ काढला असता तर नवीन छपाईविना प्रसंग पार पडला असता. उघड्या माळावर घेरलं जाण्याची तक्रार मात्र राहिली असती, आणि ती किती खुपते हे ज्या त्या गटाने पाहावं.

विटांची रचना निव्वळ दिसण्यावरून बाद करणं हा आमच्या मते घाईचा निर्णय होता. त्याचा फटका दरवाजाच्या लढाईत बसतो: झटापट गडाच्या आत सुरू होते आणि बाहेर उतारावर सांडते. सध्या डीएम दरवाजा कागदाच्या कडेला काढते, चौकोनी आणि हेक्स कागद एकमेकांना भिडवते, आणि उंबरठा ओलांडायला एक घर जास्तीचं घेते. शिवण असलेल्या ओळीत कोण कोणाचा शेजारी हे दर वेळी बोटाने दाखवावं लागतं. विटांच्या एकाच कागदावर आतली भिंत एका दिशेला सरळ बसली असती आणि बाहेर सहा शेजारी मिळाले असते. पुढच्या गडासाठी तो कागद प्लॉटरवर काढायचं ठरलं आहे. रांगा आडव्या सरकवायच्या की उभ्या, हे दरवाजा कुठल्या भिंतीत येतो यावर अवलंबून राहील.